नव्याचे नऊ दिवस की घरचा खेळ? हौशी खेळाडूंमुळे गेमिंग कन्सोल 'फॅड' ठरतो का?

गेमिंग कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडून व्हिडीओ गेम खेळायचं यंत्र. सोनीचा पीएस५ हा कन्सोल फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतात आला, तेव्हा डिस्कवाल्या मॉडेलची किंमत ४९,९९० रुपये होती. वर नवा मोठा गेम घ्यायचा तर एकेकाला चार-पाच हजार रुपये. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनसारख्या तालुक्याच्या गावात एवढ्या पैशांत चांगल्या स्थितीतली जुनी मोटारसायकल येते. त्यामुळे घरातल्या मुलानं कन्सोलचा विषय काढला की उत्तर ठरलेलं असतं: "चार दिवस खेळशील, मग पडेल धूळ खात."

ही भीती फक्त आई-वडिलांची नाही. गेमिंगच्या जगातही गेली कित्येक वर्षं हाच वाद वेगळ्या शब्दांत चालू आहे. ज्यांचा गेमिंग हा मुख्य छंद नाही अशी माणसं एखाद्या कन्सोलवर तुटून पडली, की तो कन्सोल फार काळ टिकत नाही, असं काही जण म्हणतात. हौशी लोक जेवढ्या उत्साहानं येतात, तेवढ्याच लवकर कंटाळून जातात, आणि मागे उरतो तो फक्त डबा.

हे कितपत खरं आहे? आकडे काय सांगतात? आणि मोबाईलच्या जमान्यात आपल्याकडे या प्रश्नाला काय अर्थ उरतो? सोप्या शब्दांत समजून घेऊ.

हौशी खेळाडू म्हणजे नेमकं कोण?

इंग्रजीत ज्याला कॅज्युअल गेमर म्हणतात, त्याला आपण हौशी खेळाडू म्हणू. जेवण झाल्यावर अर्धा तास, सुट्टीच्या दिवशी भावंडांसोबत एखादी मॅच, पाहुणे आले की थोडी गंमत, एवढाच याचा खेळ. कोणता नवा गेम कधी येणार, त्याचे ग्राफिक्स कसे आहेत, याची त्याला फिकीर नसते.

दुसऱ्या टोकाला असतात कट्टर गेमर. ते गेमच्या बातम्या वाचतात, नवा गेम येण्याआधीच पैसे भरून ठेवतात, एकेका गेमवर शंभर-शंभर तास घालवतात.

पण ही रेघ वाटते तेवढी स्पष्ट नाही. मोबाईलवर 'कँडी क्रश'च्या हजार लेव्हल पार केलेल्या काकू स्वतःला गेमर म्हणणार नाहीत, पण त्यांनी खेळात घातलेला वेळ एखाद्या कॉलेजच्या पोरापेक्षा जास्त असू शकतो. म्हणजे हौशी माणूस कमीच खेळतो असं नाही. फरक वेगळाच आहे. कट्टर गेमर यंत्राशी बांधलेला असतो, तर हौशी माणूस खेळाशी आणि सोबत खेळणाऱ्यांशी बांधलेला असतो. हा फरक लक्षात ठेवा, पुढच्या सगळ्या गोष्टी त्यावरच उभ्या आहेत.

'फॅड' कशाला म्हणायचं?

एखादी गोष्ट खूप खपली आणि नंतर तिची विक्री घटली, एवढ्यावरून ती फॅड ठरत नाही. तसं असतं तर कूलर दर पावसाळ्यात फॅड ठरला असता. कन्सोलच्या बाबतीत तीन गोष्टी तपासता येतात.

- पहिली, विक्री किती वर्षं टिकली? एक-दोन दिवाळ्या की त्याहून जास्त?
- दुसरी, विकत घेतल्यावर लोकांनी तो वापरला का? म्हणजे त्यासाठी पुढे नवे गेम घेतले का?
- तिसरी, त्याच कंपनीचा पुढचा कन्सोल आला तेव्हा लोक परत आले का?

तिन्ही उत्तरं 'नाही' असतील तर खुशाल फॅड म्हणा. एखाद-दुसरं 'हो' असेल तर गोष्ट गुंतागुंतीची आहे.

मुळात ही शंका आली कुठून?

त्यासाठी १९८० च्या दशकातल्या अमेरिकेत जावं लागेल. 'अटारी २६००' हा कन्सोल १९७७ मध्ये बाजारात आला आणि काही वर्षांत घराघरात पोहोचला. मुलं, आई-वडील, सगळेच खेळत होते. मग १९८३ मध्ये हा बाजार धाडकन कोसळला. दुकानदारांनी व्हिडीओ गेमला हात लावायचं बंद केलं. 'लोकांचं वेड उतरलं' असंच तेव्हा अनेकांना वाटलं.

पण वेड का उतरलं? बाजारात सुमार गेमचा पूर आला होता. १९८२ च्या नाताळसाठी अटारीने 'ई.टी.' या गाजलेल्या सिनेमावरचा गेम जेमतेम पाच-सहा आठवड्यांत बनवून घेतला. तो इतका रटाळ निघाला की न खपलेला माल न्यू मेक्सिको राज्यातल्या अलामोगोर्डो गावाच्या कचरा डेपोत पुरावा लागला. अनेक वर्षं ही दंतकथा समजली जायची. २०१४ मध्ये तिथं खणून पाहिलं तर खरंच कॅसेट सापडल्या.

आणि दोन-तीन वर्षांतच निन्टेन्डो या जपानी कंपनीचा कन्सोल त्याच अमेरिकेत धडाक्यात विकला गेला. जपानमध्ये १९८३ ला 'फॅमिकॉम' नावानं आलेल्या या यंत्राचे जगभरात ६ कोटींहून जास्त नग खपले. म्हणजे लोकांचं खेळावरचं मन उडालं नव्हतं. वाईट गेमवर पैसे घालवून घालवून ते वैतागले होते.

'वी'ची गोष्ट काय आहे?

हौशी खेळाडूंचा विषय निघाला की एका कन्सोलचं नाव हमखास येतं, ते म्हणजे निन्टेन्डोचा 'वी'. नोव्हेंबर २००६ मध्ये तो अमेरिकेत आला.

त्याआधी निन्टेन्डोची अवस्था नाजूक होती. कंपनीचा 'गेमक्यूब' हा कन्सोल फक्त २.१७ कोटी विकला गेला होता आणि सोनीचा पीएस२ कितीतरी पुढे निघून गेला होता. तेव्हा निन्टेन्डोचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी वेगळा विचार केला. आहे त्याच गेमरसाठी सोनीशी भांडण्यापेक्षा, जे खेळतच नाहीत त्यांना खेळायला लावायचं.

वी ताकदीनं कमी होता, पण स्वस्त होता. अमेरिकेत त्याची किंमत २५० डॉलर, तर त्याच महिन्यात आलेल्या पीएस३ ची किमान ५०० डॉलर. वीच्या रिमोटला हालचाल कळायची. हात फिरवला की टीव्हीवर टेनिसची रॅकेट फिरायची. बटणं पाठ करायची गरज नव्हती. जपान वगळता बहुतेक देशांत 'वी स्पोर्ट्स' हा गेम डब्यातच मिळायचा. आजी-आजोबा नातवंडांसोबत खेळू लागले, अमेरिकेतल्या वृद्धाश्रमांत वी बोलिंगच्या स्पर्धा भरू लागल्या.

प्रत्येक आर्थिक वर्षात (एप्रिल ते मार्च) जगभरात किती वी विकले गेले ते पाहा:

- २००६-०७: ५८ लाख
- २००७-०८: १.८६ कोटी
- २००८-०९: २.६० कोटी
- २००९-१०: २.०५ कोटी
- २०१०-११: १.५१ कोटी
- २०११-१२: ९८ लाख
- २०१२-१३: ४० लाख

एकूण विक्री १०.१६ कोटी. त्या पिढीतला सर्वाधिक खपलेला घरगुती कन्सोल वीच ठरला. पण आकड्यांचा आकार बघा: झपाट्यानं चढ आणि तितकाच ठळक उतार. त्यानंतर २०१२ मध्ये आलेला 'वी यू' तर फक्त १.३६ कोटींवर थांबला. दहा कोटींवरून सव्वा कोटीच्या घरात! "बघा, आम्ही म्हणत होतो ना," असं म्हणायला टीकाकारांना आयतंच निमित्त मिळालं.

मग वी फॅड होता का?

आपल्या तीन कसोट्या लावून पाहू.

पहिली कसोटी, विक्री. सलग चार वर्षं दीड कोटीहून जास्त कन्सोल विकले गेले. याला नव्याचे नऊ दिवस म्हणता येत नाही.

दुसरी कसोटी, वापर. वीसाठी एकूण ९२ कोटींहून जास्त गेम विकले गेले. म्हणजे एका कन्सोलमागे सरासरी नऊ गेम. यात डब्यासोबत आलेला 'वी स्पोर्ट्स' धरलेला आहे, तो वगळला तरी आठच्या आसपास उरतात. ज्या यंत्रावर लोक दोन दिवस टेनिस खेळून विसरून गेले असं म्हटलं जातं, त्यासाठी माणशी सात-आठ गेम कुणी विकत घेत नाही. अर्थात ही सरासरी आहे. काही घरांत वीस गेम असतील, काही घरांत फक्त एक. पण 'सगळ्यांनीच कपाटात टाकला' हे म्हणणं आकड्यांत बसत नाही.

तिसरी कसोटी, परत येणं. इथं वी सपशेल नापास झाला. वीवर खेळलेले बहुतेक लोक वी यूकडे फिरकले नाहीत.

म्हणजे तीनपैकी दोन 'हो', एक 'नाही'. खरा प्रश्न मग असा होतो: ते लोक का आले नाहीत?

हौशी खेळाडू गेले कुठे?

याची दोन कारणं आहेत, आणि दोन्हींत दोष खेळाडूंचा नाही.

एक, निन्टेन्डोने त्यांना परत येण्याचं कारणच नीट सांगितलं नाही. 'वी यू' हे नाव ऐकून अनेकांना वाटलं की हा जुन्या वीचाच एखादा जोडभाग आहे. वीचं वैशिष्ट्य होतं साधा रिमोट. वी यूसोबत आला मधोमध स्क्रीन असलेला मोठा, बटणांनी भरलेला कंट्रोलर. ज्या माणसाला बटणं नको होती म्हणून तो आला होता, त्याच्याच हातात पुन्हा बटणं दिली.

दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं, तोपर्यंत फोन बदलला होता. आयफोन २००७ मध्ये आला, त्याचं ॲप स्टोअर जुलै २००८ मध्ये सुरू झालं आणि डिसेंबर २००९ मध्ये 'अँग्री बर्ड्स'. वीची विक्री उतरणीला लागली तो काळ नेमका हाच आहे. अर्धा तास विरंगुळा हवा असलेल्या माणसाला तो खिशातच मिळू लागला, तोही फुकट किंवा चहाच्या पैशांत.

हौशी माणूस यंत्राशी नाही, खेळाशी बांधलेला असतो, हे आपण वर पाहिलं. त्यामुळे त्याला तोच आनंद कमी खर्चात, कमी खटपटीत दुसरीकडे मिळाला की तो तिकडे जातो. त्यानं खेळणं सोडलेलं नसतं, फक्त जागा बदललेली असते.

हौशी लोक होते आणि कन्सोल टिकला, असं कधी झालंय का?

झालंय, आणि तेही सर्वात यशस्वी कन्सोलच्या बाबतीत.

मार्च २००० मध्ये जपानमध्ये आलेला पीएस२ जगभरात सुमारे १६ कोटी विकला गेला. इतका खपलेला घरगुती कन्सोल दुसरा नाही. कट्टर गेमरचा तो लाडका होताच, पण त्यावर डीव्हीडीही चालायची, त्यामुळे अनेक घरांत तो सिनेमा बघायचं यंत्र म्हणून आला. शिवाय कॅमेऱ्यासमोर हातवारे करून खेळायचा 'आयटॉय' आणि माईकवर गायचा 'सिंगस्टार' हे गेम थेट हौशी मंडळींसाठीच होते. सोनीने त्याचं उत्पादन तब्बल तेरा वर्षांनी, २०१३ च्या सुरुवातीला थांबवलं. त्या वर्षीसुद्धा फुटबॉलचे नवे गेम पीएस२ साठी निघत होते.

दुसरं उदाहरण निन्टेन्डोचंच. वी यू आपटल्यावर मार्च २०१७ मध्ये 'स्विच' आला. तो टीव्हीला जोडता येतो आणि हातात घेऊन बाहेरही नेता येतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये त्यावरचा 'ॲनिमल क्रॉसिंग' हा बेटावर घर बांधायचा, शेजाऱ्यांशी गप्पा मारायचा शांत गेम जगभर गाजला. त्याच्या ४ कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्या. स्विचचा आकडा १५ कोटींच्या पुढे गेला. सोडून गेलेले हौशी लोक परत आले होते.

यातली सर्वात बोलकी गोष्ट 'मारिओ कार्ट ८' या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमची. २०१४ मध्ये तो वी यूसाठी आला आणि ८५ लाखांच्या आसपास विकला गेला. तोच गेम थोडी भर घालून २०१७ मध्ये स्विचवर आणला, तर ६ कोटींहून जास्त प्रती खपल्या. गेम जवळपास तोच, खेळणारी माणसंही त्याच प्रकारची. बदलला तो फक्त डबा.

मग खरंखुरं फॅड कसं असतं?

त्याचीही उदाहरणं आहेत. प्लास्टिकची गिटार हातात घेऊन खेळायचा 'गिटार हिरो' २००५ मध्ये आला. पुढच्या काही वर्षांत कंपनीने एकामागून एक इतके भाग काढले की लोकांच्या घरात गिटारींचा ढीग झाला, पण खेळ तोच राहिला. फेब्रुवारी २०११ मध्ये ॲक्टिव्हिजन कंपनीने हा विभागच बंद केला.

दुसरं उदाहरण मायक्रोसॉफ्टच्या 'किनेक्ट' कॅमेऱ्याचं. नोव्हेंबर २०१० मध्ये आल्यावर पहिल्या ६० दिवसांत त्याचे ८० लाख नग विकले गेले. रिमोटसुद्धा नको, नुसतं अंग हलवा आणि खेळा. पण त्यासाठी टीव्हीसमोर सहा-आठ फूट मोकळी जागा लागायची. दहा बाय दहाच्या खोलीत पलंग आणि कपाट ठेवल्यावर ती कुठून आणायची? शिवाय त्यावर खेळावेत असे गेम मोजकेच निघाले. २०१७ मध्ये उत्पादन बंद झालं.

या दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे. एकच करामत होती, आणि ती जुनी झाल्यावर पुढे काय, याचं उत्तर कंपनीकडे नव्हतं. हौशी लोकांनी घेतलं म्हणून ते फॅड ठरलं नाही. दुसऱ्या वर्षी देण्यासारखं काही नव्हतं म्हणून ठरलं.

आपल्याकडे काय झालं?

आता हे सगळं मराठवाड्यात आणून पाहू. कारण आपल्याकडे कन्सोल पीएस५ पासून सुरू झालेला नाही.

नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही अनेक घरांत 'टीव्ही गेम' होता. 'लिटल मास्टर', 'मीडिया' अशा नावांनी मिळणारे हे डबे म्हणजे बहुतेक निन्टेन्डोच्या त्या जुन्या फॅमिकॉमच्या स्वस्त नकला. त्यात पिवळी किंवा काळी कॅसेट घालायची, चालली नाही तर फुंकर मारायची, आणि मारिओ, काँट्रा, टँक नाहीतर बदकं मारायचा गेम लावायचा. कॅसेटवर '९९९९९९ इन १' लिहिलेलं असायचं, आत मोजून दहा-वीस गेमच पुन्हा पुन्हा यायचे. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाच्या गावी जमलेली सगळी भावंडं नंबर लावून खेळायची. आपल्या व्याख्येत ही सगळी शंभर टक्के हौशी मंडळी.

हा टीव्ही गेम फॅड होता का? निन्टेन्डोने मूळ यंत्र १९८३ मध्ये काढलं, आणि त्याच्या नकला आपल्याकडे पुढची वीसेक वर्षं आरामात विकल्या गेल्या. गेला तो टीव्ही बदलल्यामुळे. बदकं मारायची बंदूक घ्या. जुन्या डबा टीव्हीवर चित्र एकेक ओळ करून उमटायचं. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा व्हायचा, बदकाच्या जागी पांढरा चौकोन यायचा आणि बंदुकीतला सेन्सर तो उजेड टिपायचा. सपाट एलसीडी टीव्हीवर चित्र यायला किंचित उशीर होतो, त्यामुळे बंदुकीची वेळ चुकते. नेम धरणारा तोच, बंदूक तीच, बदकं मात्र मरेनाशी झाली.

दुसरी अडचण विजेची. २००५ नंतरची काही वर्षं ग्रामीण महाराष्ट्रात रोज कित्येक तासांचं भारनियमन असायचं. भोकरदनच्या आसपासच्या एखाद्या गावात संध्याकाळी लाईट नसेल, तर टीव्हीला जोडलेला कन्सोल कितीही भारी असला तरी काय कामाचा? याच काळात जगात वी धुमाकूळ घालत होता. आपल्याकडे मात्र चार्ज करून ठेवलेला मोबाईल अंधारातही चालायचा.

तिसरी अडचण गेमची. आपल्याकडच्या हौशी माणसाला हवं होतं क्रिकेट. ईए कंपनीचा 'क्रिकेट ०७' नोव्हेंबर २००६ मध्ये पीएस२ आणि कॉम्प्युटरवर आला, आणि त्यानंतर कंपनीने क्रिकेटची मालिकाच बंद केली. पीएस३ वर तो कधी आलाच नाही. म्हणून जुना पीएस२ सोडायचं कारण अनेकांना सापडलं नाही, आणि कॉम्प्युटरवर तर लोक नव्या जर्सी, नवे खेळाडू घालून हाच गेम वर्षानुवर्षं खेळत राहिले. सोनीने २००९ मध्ये पीएस२ साठी 'देसी अड्डा' हा कबड्डी, विटीदांडू, पतंग अशा खेळांचा गेम आणला होता, हैदराबादच्या गेमशास्त्र कंपनीकडून बनवून घेतलेला. पण असे प्रयत्न बोटांवर मोजण्याइतकेच झाले. निन्टेन्डोने तर २०१७ चा स्विच भारतात अधिकृतपणे आणलाच नाही.

थोडक्यात, आपल्याकडे हौशी खेळाडूंनी कन्सोल सोडला, त्याआधी कन्सोलनंच त्यांना वाऱ्यावर सोडलं होतं.

आणि मग आला मोबाईल

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं, डेटा स्वस्त झाला आणि बाकीचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे. 'पबजी मोबाईल' २०१८ मध्ये आला, सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने त्यावर बंदी घातली आणि जुलै २०२१ मध्ये तो भारतासाठी वेगळ्या नावानं परतला.

पण आपल्या प्रश्नासाठी पबजीपेक्षा महत्त्वाचा आहे 'लुडो किंग'. नवी मुंबईतल्या गेमेशन कंपनीने, विकाश जयस्वाल यांनी, २०१६ मध्ये तो बाजारात आणला. काही वर्षांतच डाउनलोडचा आकडा ५० कोटींच्या पुढे गेला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पुण्यातला मुलगा, भोकरदनमधली आई आणि औरंगाबादची मावशी एकाच पटावर सोंगट्या मारत बसले, ते याच गेमवर. भारतातल्या सर्वात यशस्वी गेमपैकी एक पूर्णपणे हौशी माणसांच्या जिवावर उभा आहे.

लुडो हा आपल्या पचिशीचाच धाकटा भाऊ. भोकरदनहून गाडीनं दोन-अडीच तासांवर असलेल्या वेरूळच्या लेण्यांत शिव-पार्वती सारीपाट खेळत असल्याचं शिल्प आहे. म्हणजे फाशांचा खेळ हजार वर्षांहून जुना. पट दगडातून कापडावर, कापडावरून पुठ्ठ्यावर आणि पुठ्ठ्यावरून मोबाईलच्या काचेवर आला. पट बदलत गेले, खेळणारी मात्र घरातली साधी माणसंच राहिली. 'हौशी माणसं काही टिकवत नाहीत' म्हणणाऱ्यांसाठी यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

मग कन्सोल घ्यायचा की नाही?

पन्नास हजार ही थोडीथोडकी रक्कम नाही. भोकरदन तालुक्यात पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात मिरचीचा भाव एका हंगामात घर सावरतो आणि दुसऱ्या हंगामात कोलमडतो. अशा घरात हा निर्णय नीट विचार करूनच घ्यायला हवा. वरच्या सगळ्या उदाहरणांतून निघणारे काही प्रश्न आधी स्वतःला विचारून पाहा.

- घरातला दुसरा माणूस यावर काय खेळेल? फक्त एकाच मुलासाठी घेतलेला कन्सोल त्याची दहावी-बारावी आली की बंद पडतो. दोघं-तिघं खेळणारी असतील तर तो टिकतो. म्हणून दोन कंट्रोलरचा खर्च आधीच धरा.
- पहिला गेम कंटाळवाणा झाल्यावर दुसरा कोणता? तीन गेमची नावं सांगता आली नाहीत तर थांबा.
- जे खेळायचंय ते मोबाईलवर मिळतं का? मिळत असेल तर कन्सोल नक्की धूळ खाणार.
- डिस्कवाला घ्यायचा की बिनडिस्कचा? डिस्क असेल तर जुने गेम स्वस्तात घेता येतात, मित्रांशी बदलता येतात, खेळून झाल्यावर विकता येतात. बिनडिस्कचा थोडा स्वस्त पडतो, पण प्रत्येक गेम इंटरनेटवरूनच घ्यावा लागतो. एकेक गेम पन्नास-शंभर जीबीचा असतो, रोजच्या दीड-दोन जीबीच्या रिचार्जवर ते जमणार नाही.
- विजेचं आणि टीव्हीचं काय? लाईट सारखी जात असेल तर इन्व्हर्टरचा खर्चही मोजा.

गेम पार्लर काढायचा विचार करणाऱ्यांनाही हेच लागू होतं. तासावर पैसे देऊन खेळणारं गिऱ्हाईक बहुतेक हौशीच असतं. क्रिकेट, फुटबॉल, कुस्ती, गाड्यांच्या शर्यती, असे पाच मिनिटांत कळणारे आणि दोघांनी मिळून खेळायचे गेम त्याला लागतात. सर्वात नव्या कन्सोलसाठी कर्ज काढण्यापेक्षा एक पिढी जुने दोन कन्सोल आणि चार जास्तीचे कंट्रोलर अनेकदा जास्त कामाला येतात.

थोडक्यात

हौशी खेळाडूंमुळे कन्सोल फॅड ठरतो, हे म्हणणं अर्धवट आहे. पीएस२ आणि स्विच त्यांच्याच बळावर एवढे मोठे झाले. वीदेखील पाच-सहा वर्षं त्यांनीच चालवला. हौशी माणूस यंत्राचा भक्त नसतो, एवढं मात्र खरं. त्याला पुढच्या वर्षीही खेळायला काहीतरी साधं, सोपं, सगळ्यांसोबत खेळता येईल असं द्यावं लागतं. ते दिलं नाही तर तो मुकाट्यानं उठून जातो.

घरात कन्सोल आणताना म्हणूनच 'मुलगा किती दिवस खेळेल' एवढाच हिशोब करू नका. महिन्याभरानंतर एखाद्या रविवारी घरातलं दुसरं कोणी 'मला दे जरा' म्हणत कंट्रोलर मागेल का, याचा अंदाज घ्या. उत्तर 'हो' असेल तर पैसे वाया जाण्याची शक्यता बरीच कमी आहे.